रुमालाखालची खोड

भागवत माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी बघायचा. आधी पाय, मग गुडघे, मग कंबर, मग खांदे, आणि एवढं बघून वेळ उरलाच तर तोंड. त्याची बायको, दैवशाला नाव तिचं, सांगायची, "मला बघायला आल्ते तेव्हा यांनी मान वर केलीच न्हाई. आई म्हणली, पोरगं लाजाळू दिसतंय." लाजाळू कशाचं बोडक्याचं. हा गडी तिच्या पावलांकडं बघून राह्यला होता, आणि घरी गेल्यावर बापाला म्हणाला, चाल सरळ आहे, करून टाकू.

त्याला तरी काय बोलावं? आजा बैलांचा दलाल, बाप बैलांचा दलाल, आणि मिसरूड फुटायच्या आत हाही दलाल. घर राजूरजवळच्या एका गावातलं. चतुर्थीला लोक गणपतीला जायचे आणि हे बापलेक रस्त्याच्या कडेला उभे राहून गाड्यांना जुंपलेले बैल बघायचे. खूर कसा पडतो, वशिंड कुठं झुकतं, कोणता बैल जोडीदाराच्या जिवावर चालतो. बापानं त्याला शाळेपेक्षा जास्त तिथंच शिकवलं.

बापाचा एक कायदा होता, आणि तो घरात देवापेक्षा कडक पाळला जायचा. दलालानं खोड सांगायचीच. बैल चालता चालता मधेच बसत असेल, पाण्याला बुजत असेल, पोरासोरांवर शिंग टाकत असेल, तर ते लपवायचं नाही. पण सांगायचं फक्त जो घेणार त्याला, आणि तेही रुमालाखाली. बाजारात सौदा असाच व्हायचा. दोघांच्या हातावर डोक्याचा रुमाल टाकायचा आणि आत बोटांनी बोलायचं. भाव बोटांनी, खोडही बोटांनी. आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागायचा नाही.

"आणि ज्याला सांगितली त्यानं ती पोटात ठेवायची," बाप म्हणायचा. "घ्यायचा तर घे, न्हाई तर चालता हो. पण खोड चारचौघांत काढून भाव पाडणारा माणूस असला ना भागवत, त्याच्या हातावर पुन्हा रुमाल टाकायचा न्हाई. मरेपर्यंत."

बाप गेला, ट्रॅक्टर आले, बाजार ओसरला. पण भागवतच्या डोक्यातून हा कायदा काही गेला नाही. गेला असता तर बरं झालं असतं, असं दैवशाला अजून म्हणते.

दुसरी गोष्ट कबड्डीची. गावाच्या संघात भागवत डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा आणि त्याच्या शेजारी अप्पाराव. कबड्डीत कोपऱ्यातले दोघं एकमेकांचा हात धरून असतात. चढाई करणारा आत आला की ती साखळी त्याच्याभोवती आवळायची. बोलायला वेळच नसतो, हाताला हातानं कळावं लागतं. अप्पारावाचा हात जरा घट्ट झाला की भागवतला कळायचं, आता हा पायात जाणार. लग्नं झाली, पोरं झाली, तरी जत्रेजत्रेला हे दोघं हात धरून उभे. पंचक्रोशीतल्या कितीतरी नावाजलेल्या गड्यांना त्यांनी मातीत लोळवलं होतं. भागवत म्हणायचा, मला सख्खा भाऊ न्हाई, पण हात धरायला अप्पाराव हाय.

मग अप्पाराव पुण्याला गेला. तो बोलण्यात हुशार, चार लोकांत उठबस करणारा. आधी कुठंतरी प्रशिक्षक झाला आणि कबड्डीची मोठी लीग आल्यावर त्यातल्या एका संघासाठी पोरं हेरायचं काम त्याला मिळालं. भागवत जालन्याला आला आणि एका कॉलेजच्या मैदानावर कामाला लागला. चुन्याच्या रेषा मारायच्या, मॅट अंथरायची, पाणी भरायचं. पण संघ निवडायची वेळ आली की क्रीडाशिक्षक स्वतः त्याच्याजवळ येऊन उभे राहायचे. भागवत दोन दिवस पोरांचे पाय बघायचा आणि नावं सांगायचा.

त्याची पारख वेगळी होती. बाकीचे गुण मोजायचे. भागवत म्हणायचा, गुण तर समोरचे कच्चे असले की कुणीबी आणतंय. गडी पकडला गेल्यावर काय करतो ते बघा. पडल्या पडल्या पंचाच्या तोंडाकडं बघणारा आपल्या कामाचा नाही. मध्यरेषेकडं बघणारा घ्यावा, त्याचा जीव घराकडं असतो.

अबुजर त्याला मैदानावर सापडला नाही. जुन्या जालन्यात कापडबाजाराच्या गल्लीत सापडला. भागवत दैवशालासाठी लुगडं बघायला गेला होता. समोरून एक पोरगा खांद्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन येत होता, उंच, सडपातळ. पुढून ऑटो आला, मागून स्कूटी आली आणि मधे एक म्हातारी वाकून काहीतरी उचलत होती. दुसरा कुणी असता तर थांबला असता. हा पोरगा टाचेवर गर्रकन फिरला, म्हातारीला वळसा घातला, ऑटोच्या आरशाखालून खांदा काढला आणि पुढं गेला. गठ्ठा हलला नाही. भागवत लुगडं विसरला आणि त्याच्या मागं दुकानापर्यंत गेला.

"कॉलेजला हायेस का?"

"बी.कॉमला. दुपारनंतर हितं काम करतो."

"कबड्डी खेळतो?"

"नहीं चाचा, क्रिकेट."

"क्रिकेटला गल्लीभर लोक हायत. उद्या मैदानावर ये."

पोरगा हसला. पण आला. त्याचा बाप नव्हता, आई अकबरबी घरी शिवणकाम करायची. पोराला गुडघ्याला लागलं तेव्हा ती एकदा भांडायलाच मैदानावर आली होती. भागवतनं तिला मॅटच्या कडेला बसवून पोराचा खेळ दाखवला. ती बघत बसली, आणि उठताना म्हणाली, "भागवतभाई, दुकानवाला याला कायमचा ठेवतो म्हणतो. मी न्हाई म्हणते त्याला. तुमच्या भरवशावर छोडते."

भरवसा हा शब्द फार जड असतो. भागवतनं तो उचलला आणि त्याला त्याचं वजनही वाटलं नाही, इतका तो खूश होता. त्या दिवसापासून अबुजर त्याला वस्ताद म्हणायला लागला. ईदला त्या घरचा शीरखुर्मा दैवशालाकडं यायचा आणि संक्रांतीचा तीळगूळ तिकडं जायचा.

अबुजरमध्ये सगळं होतं. दम होता, नजर होती, आणि पडल्यावर तो रेषेकडं बघायचा. पण एक खोड होती, आणि ती भागवतशिवाय कुणाच्या डोळ्याला दिसली नव्हती. उडी मारून परत फिरायच्या क्षणभर आधी अबुजरचा डावा अंगठा तळहातात मिटायचा. बाकी सगळं अंग फसवाफसवी करत असायचं, पाय इकडं, मान तिकडं, पण तो अंगठा खरं बोलायचा. डाव्या कोपऱ्यातल्या शहाण्या गड्याला हे कळलं तर अबुजर रोज पकडला जाणार.

अबुजरला हे सांगितलं तेव्हा त्यानं आधी विश्वासच ठेवला नाही. मग भागवतनं मोबाईलवर खेळ काढून दाखवला आणि पोराचा चेहरा उतरला. दोघांनी त्यावर किती मेहनत घेतली म्हणून सांगू? अंगठ्याला दोरा बांधला, चिकटपट्टी लावली, हातात चेंडू धरून पळवलं. सरावात अंगठा उघडा राहायचा, सामन्यात जोर आला की पुन्हा आत. शेवटी एक सवयच पडली. चढाईला जायच्या आधी अबुजर मॅटच्या कडेशी येऊन डावा हात पुढं करायचा, भागवत तो हातात घेऊन अंगठा मोकळा करायचा आणि म्हणायचा, "बराबर." आणि पोरानं अंगठा उघडा ठेवून चढाई मारली की मैदानाच्या कडेवरून पुन्हा त्याचं तेच, "बराबर, अबुजर, बराबर." बघणाऱ्यांना वाटायचं, वस्ताद दुवा देतोय.

त्या वर्षी लीगच्या संघांनी ठरवलं की कॉलेजातली पोरं थेट निवडायची. मराठवाड्यातल्या पोरांची चाचणी जालन्याला, भागवतच्याच मैदानावर. दोन दिवस खेळ बघायचा आणि मग एकेका संघानं पाळीपाळीनं एकेक पोरगा उचलायचा. पहिल्या फेरीत ज्याला उचलला तो मुख्य संघात जाणार, टीव्हीवर दिसणार. शेवटच्या फेरीतला नुसता राखीव, सरावाला समोर उभं करायला, आणि हंगाम संपला की बहुतेक घरी. अबुजरसाठी सगळं या दोन दिवसांवर आलं होतं. पहिल्या फेरीत नाव आलं नाही, तर आज ना उद्या पुन्हा खांद्यावर गठ्ठा.

आणि संघांच्या माणसांत अप्पाराव होता. निळा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पोट सुटलेलं. गाडीतून उतरला तो सरळ भागवतकडं आला आणि सगळ्यांदेखत त्याला मिठी मारली. भागवतच्या हाताला चुना लागला होता, तो त्या निळ्या टी-शर्टवर उमटला.

"राहू दे," अप्पाराव म्हणाला. "आपल्या मैदानाचाय."

पहिल्या दिवशी अबुजर असा खेळला की भागवतला उभं राहवेना. मागं उभी असलेली माणसं एकमेकांना नाव विचारत होती. कोण हा, कुणाचा हा? खेळ दुपारीच आटोपला आणि अप्पाराव जेवायला भागवतच्या घरी आला. दैवशालानं भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. अप्पारावानं दोनदा मागून घेतलं आणि जेवण झाल्यावर खाटेवर मांडी घालून बसला.

"भागवत्या, पहिल्या फेरीत दुसरी पाळी आमचीय. माझ्या मनात तुझा अबुजरच हाय."

 भागवत नुसता मान हलवत राहिला.

"पण मालक मला विचारणार," अप्पाराव म्हणाला. "खोड काय म्हणून. ते सांग."

"खोड न्हाई."

अप्पाराव हसला. खांद्यावरचा टॉवेल त्यानं ओढला, स्वतःच्या उजव्या हातावर टाकला आणि हात पुढं केला. "दलालाचा पोरगा हायेस ना तू? बिनखोडीचं जनावर कधी बघितलंस का?"

आता बघा, इथंच भागवत गेला. दुसऱ्या कोणत्याही मार्गानं विचारलं असतं तर तो बोलला नसता. दारू पाजली असती तरी बोलला नसता. पण हातावर कापड टाकून समोर बसलेला माणूस त्यानं बाप गेल्यापासून बघितला नव्हता. त्याला बापाचा आवाज ऐकू आला. घेणारा समोर आहे, घेतो म्हणतोय, रुमाल टाकलाय, आणि तू खोड लपवतोस? त्याला आत कुठंतरी शरमही वाटली. शिवाय हात कुणाचा होता? ज्या हाताला धरून तो अर्धा जन्म उभा राहिला त्या अप्पारावाचा.

त्यानं टॉवेलाखाली हात घातला. अप्पारावाचा तळवा मऊ झाला होता, माती सुटल्याचा मऊ. भागवतनं आपला डावा अंगठा मिटला आणि ती मूठ त्या तळव्यावर दाबली. तोंडानं एक शब्द काढला नाही.

अप्पारावाच्या भुवया वर गेल्या. "उडीच्या आधी?"

भागवतनं मान हलवली. मग म्हणाला, "पोटात ठेव. तुमच्याकडं आला की एका महिन्यात सुटंल. वाईट खोड न्हाई ती."

"येडा हायेस का, मला सांगायला लागतंय?" अप्पाराव म्हणाला, आणि टॉवेल झटकून पुन्हा खांद्यावर टाकला.

तो गेल्यावर दैवशाला भांडी गोळा करताना म्हणाली, "काय दाखवलं त्याला?"

"धंद्याचं हाय."

"पोराचं दाखवलं न्हाई ना काही?"

 भागवतला वाटलं, बाईमाणसाला बाजारातलं काय कळतंय. मला विचाराल तर त्या घरात त्या दिवशी तिला एकटीलाच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी अबुजर नेहमीसारखा हात पुढं करून आला. भागवतनं अंगठा मोकळा केला. "बराबर." पोरगा आत गेला, आणि पहिल्याच चढाईला पकडला गेला. होतं असं कधी कधी. दुसऱ्या चढाईलाही डाव्या कोपऱ्यातल्या गड्यानं त्याला हवेतच धरला. तिसऱ्या वेळी भागवतनं एक गोष्ट केली जी तो कधी करत नसे. त्यानं पाय सोडून तोंडाकडं बघितलं. अबुजरच्या नाही, त्या कोपऱ्यातल्या गड्याच्या तोंडाकडं. त्या गड्याची नजर अबुजरच्या पायावर नव्हती, कमरेवर नव्हती. ती त्याच्या डाव्या हातावर खिळलेली होती. अंगठा मिटला आणि त्याच क्षणी तो झेपावला, कुणीतरी पढवून पाठवल्यासारखा.

 भागवतनं गर्दीत अप्पारावाला शोधलं. अप्पाराव मांडवाखाली बाकीच्या संघांच्या माणसांत उभा होता, एका हातात चहाचा कप. दुसरा हात त्यानं सगळ्यांना दिसेल असा वर धरला होता. अंगठा आत मिटला, बाहेर काढला, पुन्हा मिटला, आणि काहीतरी बोलला. सगळी माणसं हसली. एकानं आपला अंगठा मिटून बघितला.

चारचौघांत. भर बाजारात.

भागवतच्या बापानं ज्या कामासाठी माणसाला माणसातून उठवलं असतं तेच काम हा चहा पीत करत होता, आणि भागवत पाण्याच्या टाकीला धरून उभा होता. ओरडावं तर काय ओरडणार? मॅटवर अबुजर पुन्हा पडला. या वेळी पडल्यावर त्यानं मध्यरेषेकडं बघितलं नाही. आपल्या डाव्या हाताकडं बघितलं, आणि मग मान वळवून मांडवाकडं. कुणीतरी तिथं अजून अंगठा हलवत होतं. पोरगा हुशार होता, त्याला जोडायला वेळ लागला नाही. ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत होती, आणि त्यानं स्वतः तर सांगितली नव्हती.

निवडीला मांडवात खुर्च्या मांडल्या होत्या. पहिली फेरी झाली. दुसऱ्या पाळीला अप्पारावाच्या संघानं परभणीकडचा एक पोरगा उचलला. मधल्या फेऱ्या गेल्या. पहिल्या दिवशी ज्यांनी नाव विचारलं होतं त्यातल्या एकानंही अबुजरचं नाव घेतलं नाही. शेवटच्या फेरीत, लोक उठायला लागले होते तेव्हा, माईकवर अप्पारावाचा आवाज आला. अबुजर. राखीव.

अबुजर उभा राहिला, मान तुकवली, कागदावर सही केली. त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. आणि त्याच वेळी अप्पाराव गर्दीतून वाट काढत भागवतजवळ आला, त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि मोठ्यानं म्हणाला, "भागवत्या, तुझं सांगणं सोळा आणे खरं निघालं बघ. डावा अंगठा."

पाच पावलांवर अबुजर उभा होता. त्यानं ऐकलं, आणि बघितलंही. कारण अप्पारावानं हात धरल्याबरोबर भागवतची बोटं आपोआप त्या बोटांत गुंतली होती. जन्माची सवय ती, साखळीची. मन नाही म्हणत होतं आणि हात धरून बसला होता. भागवतनं हात सोडवून घेईपर्यंत पोरगा तिथून निघून गेला होता.

"तू पहिल्या फेरीत घेतो म्हणल्तास," भागवत म्हणाला. 

"अरे, शेवटी मिळणारा गडी पहिल्या फेरीत कोण घालवतंय? पहिलीत तो परभणीचा घेतला, शेवटी हा बी आला. दोन्ही घरात." अप्पारावानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "तू तर बाजारातला माणूस. भाव पाडल्याशिवाय कुणी घेतंय का? आणि पोराचं वाईट काय झालं? संघात आलाच ना शेवटी."

"तू रुमाल टाकल्तास, अप्पा."

"कोणता रुमाल?"

"काल. माझ्या घरी. खाटेवर."

अप्पाराव क्षणभर खरंच आठवत राहिला. मग त्याला आठवलं आणि तो हसला, वाईट नाही, अगदी मायेनं हसला. "अरे येड्या, तो टॉवेल होता."

भागवतच्या कुणी कानाखाली मारली असती तरी एवढं लागलं नसतं. केसानं गळा कापला असता तर निदान कापणाऱ्याला ठाऊक असतं, आपण काय कापतोय. या माणसाला तेही ठाऊक नव्हतं. बापाचा कायदा, बाजार, ते सगळं त्याच्या लेखी हात पुसायचं कापड होतं.  मॅट गुंडाळायची होती, ती भागवतनं गुंडाळली. त्याचा राग अप्पारावावर जेवढा होता तेवढाच स्वतःवर होता. म्हणून त्याला धड शिवीही देता येईना.

अबुजर त्यानंतर मैदानावर आला नाही. शिबिराला जायचा दिवस जवळ आला तसं भागवतला घरात बसवेना. दैवशाला म्हणाली, "जा. पायावर डोकं ठेवायची पाळी आली तरी ठेवा, पण जा." तो जुन्या जालन्यात गेला.

अकबरबी दारातच शिवणयंत्रावर बसली होती. त्याला बघून तिनं यंत्र थांबवलं. एरवी त्याला बघितलं की ती आत आवाज द्यायची, वस्ताद आले, चहा ठेव. आज ती बसा म्हणाली नाही. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"भागवतभाई," ती म्हणाली, "अबुजर म्हणतो, तुम्ही सांगितलं. मी म्हटलं, झूट. मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, कुणी बी सांगंल, भागवतभाई न्हाई सांगणार. आता तुम्हीच सांगा त्याला, झूट आहे म्हणून."

तिनं असं विचारलं की नाही म्हणून टाकलं असतं तर ती मानली असती. तिला मानायचंच होतं. भागवतनं तोंड उघडलं. खोड लपवायची नाही, हे त्याच्या हाडात होतं, आणि ती खोड आता त्याची स्वतःची होती.

"सांगितलं," तो म्हणाला. "पण..."

पणच्या पुढं त्याला रुमालाचं सांगायचं होतं. बापाचं, बाजाराचं, घेणाऱ्याला सांगायची रीत, ऐकणाऱ्यानं पोटात ठेवायची रीत. अकबरबी त्याच्याकडं बघत थांबली. तिनं खूप वेळ दिला त्याला.  मग तिनं मान खाली घातली, कापड सुईखाली सरकवलं आणि यंत्र सुरू केलं.

तेवढ्यात अबुजर आतून बाहेर आला. शिबिराला जाईपर्यंत दुकानाचं काम करून राह्यला होता, खांद्यावर कापडाचा गठ्ठा होता. भागवतचा हात सवयीनं पुढं झाला, त्याचा डावा हात धरायला. अबुजरनं तो हात बघितला आणि गठ्ठा जरा सावरून घेतला.

"अबुजर, ऐकून घे एकदा."

"माल पोचवायचा आहे," अबुजर म्हणाला. आवाज चढला नाही त्याचा. "चलतो, दलालसाब."

आईचं यंत्र एक टाका चुकलं.

अबुजर गल्लीत उतरला. दुकानं उघडलेली, दोन्ही बाजूंनी दुचाक्या लावलेल्या. पुढून ऑटो आला, पोरगा टाचेवर फिरला, दुचाकीच्या हँडलला वळसा घातला आणि ऑटोच्या बाजूनं खांदा काढून पुढं गेला. भागवत त्याच्या पायाकडं बघत नव्हता. तो डाव्या हाताकडं बघत होता. एवढ्या गर्दीत, एवढ्या घाईत, अंगठा मिटला नाही. पूर्ण उघडा राहिला. दोऱ्यानं, चिकटपट्टीनं जे झालं नव्हतं ते झालं होतं.

भागवतच्या तोंडातून न राहवून निघून गेलं, "बराबर, अबुजर, बराबर."

अबुजरनं ऐकलं. पाऊल थांबवलं नाही, मागं बघितलं नाही. चालता चालता त्यानं डावा हात खिशात घातला.